शासनाच्या पैशातून ज्येष्ठांची घरपोच सेवा : पुण्यात पात्र व्हायचं कसं?

मीरा_धनकवडी
नमस्कार मंडळी. मी जीएनएम परिचारिका, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे. नोकरी संपल्यावर धनकवडी-बालाजीनगर भागात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊ लागले. स्पंजिंग, कॅथेटरची काळजी, बेडसोरचं ड्रेसिंग, नळीवाटे आहार देणं ही कामं. आता सोबत चार बायका आहेत, मीच शिकवून तयार केलेल्या.

ज्यांना परवडतं ते पैसे देतात. पण आमच्याकडच्या एक आजी श्रावणबाळ योजनेच्या महिना १५०० रुपयांवर जगतात. त्यांच्याकडून काय घेणार? आणि माझ्या बायकांना तरी फुकट किती दिवस राबवू? अशा घरांसाठी शासनाने पैसे द्यावेत आणि आम्ही सेवा द्यावी अशी काही सोय आहे का? असल्यास आमच्यासारख्यांनी पात्र कसं व्हायचं? ट्रस्ट काढायचा, कंपनी काढायची, की कुठल्या यादीत नाव घालायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

बिबवेवाडीकर
अत्यंत गरजेचा धागा. वाचतोय.

हिशोबनीस
मीराताई, आधी स्पष्ट सांगतो. 'घरी जाऊन ज्येष्ठांची काळजी घेणारी संस्था' म्हणून शासनाच्या यादीत जायचं आणि दर भेटीमागे पैसे घ्यायचे, असा सरळ मार्ग आपल्याकडे नाही. पैसा येतो तो दोन वाटांनी. एक, स्वयंसेवी संस्थांना प्रकल्पासाठी अनुदान. दोन, थेट ज्येष्ठाच्या खात्यात. तुम्हाला पहिल्या वाटेने जावं लागेल, आणि त्यासाठी आधी संस्था हवी.

सोसायटी काढायची तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात तिची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी होते. नुसता ट्रस्टही चालतो. तिसरा पर्याय कंपनी कायद्याच्या कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी. नोंदणी झाली की संस्थेच्या नावाने पॅन, बँक खातं, मग आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी. नव्या संस्थेला ती आधी तात्पुरती मिळतात, तीन वर्षांसाठी, पुढे नियमित करून घ्यावी लागतात. त्यानंतर नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवर नोंद. दर्पणचा क्रमांक नसेल तर केंद्राच्या अनुदानाचा अर्जच पुढे सरकत नाही.

संस्थेची घटना, म्हणजे उद्देश आणि नियमावली, लिहिताना घाई करू नका. आंतरजालावरून उतरवलेली घटना पुढे फार त्रास देते.

निवृत्त_लेखनिक
मी समाजकल्याणच्या कामाशी बरीच वर्षं संबंधित होतो, म्हणून योजनांबद्दल लिहितो.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची 'अटल वयो अभ्युदय योजना' आहे. तिच्यात 'ज्येष्ठ नागरिकांसाठी एकात्मिक कार्यक्रम' येतो. हा मूळचा १९९२ पासूनचा. त्यातून संस्थांना कशासाठी अनुदान मिळतं? २५ निराधार ज्येष्ठांचं निवासगृह, ५० वृद्ध महिलांचं निवासगृह, सतत शुश्रूषा लागणाऱ्यांसाठी आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी गृह, फिरतं वैद्यकीय पथक, फिजिओथेरपी केंद्र. घरी जाऊन रोजची शुश्रूषा असा वेगळा घटक यात नाही. मीराताईंच्या कामाला सगळ्यात जवळचं म्हणजे फिरतं वैद्यकीय पथक. ते वस्त्यांमध्ये आणि दुर्गम भागात जातं.

अर्ज 'ई-अनुदान' पोर्टलवर ऑनलाइन होतो. संस्थेची पाहणी होते आणि राज्याच्या शिफारशीला वजन असतं. आपलं नशीब एवढंच की समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च पथावर आहे. अर्ज भरण्याआधी जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांकडे जाऊन काम दाखवून या. कागद आल्यावर माणूस ओळखीचा असला की प्रश्न नीट विचारले जातात.

स्पष्ट_नारायणपेठ
मला हे पटत नाही. मीराताईंचं काम चांगलं आहे, पण सरकारच्या दारात जायचं कशाला? माझ्या नात्यातल्या एकांची संस्था अनुदानावर होती. मंजुरी आली, नोकरदार नेमले, आणि हप्ता कधी येईल याचा पत्ता नाही. पगार त्यांनी घरचं सोनं गहाण ठेवून केले. त्यापेक्षा परवडणाऱ्यांकडून पुरेसे पैसे घ्या आणि त्यातून गरीब घरं सांभाळा. कोथरूड-औंधमध्ये चांगल्या बाईसाठी लोक वाट्टेल तेवढे द्यायला तयार आहेत.

मीरा_धनकवडी
दादा, आज तेच चाललंय. दोन घरं पैसे देतात तेव्हा एक घर निभतं. पण धनकवडीत औंधसारखी घरं किती? आणि आजींचा हक्क शेजारच्या श्रीमंताच्या मनावर अवलंबून असावा का? मला तेवढंच टोचतं.

बे_एरियातली_स्नेहल
इकडचं उदाहरण देते, तुलना म्हणून. कॅलिफोर्नियात इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस, म्हणजे आयएचएसएस, नावाचा कार्यक्रम आहे. कमी उत्पन्नाच्या, मेडी-कॅल (इथली सरकारी आरोग्ययोजना) असलेल्या वृद्धांना आणि अपंगांना तो मिळतो. काउंटीची समाजसेविका घरी येऊन बघते : अंघोळ स्वतः होते का, स्वयंपाक होतो का, संडासला कोणी धरायला लागतं का. त्यावरून महिन्याचे तास ठरतात. फार गंभीर स्थितीत ते जास्तीत जास्त २८३ पर्यंत जातात. तेवढ्या तासांचे पैसे सेवा देणाऱ्याला मिळतात.

सेवा देणारा म्हणून पात्र व्हायला नर्सिंगची पदवी लागत नाही. नावनोंदणीचा अर्ज, मूळ ओळखपत्र दाखवणं, बोटांचे ठसे देऊन गुन्हे पडताळणी, एक माहितीसत्र आणि शेवटी करारपत्रावर सही. वृद्धांचा किंवा मुलांचा छळ केल्याबद्दल अथवा सरकारी आरोग्ययोजनेत फसवणूक केल्याबद्दल गेल्या दहा वर्षांत शिक्षा झालेली असेल तर मनाई.

आणि सेवा देणारा नातेवाईकही असू शकतो. मुलगी आईची काळजी घेते आणि तिला त्याचा पगार मिळतो. माझ्या शेजारची बाई तेच करते.

प्रभाकर_सहकारनगर
आईची सेवा करायचे पैसे?? आपल्याकडे हे आलं तर नाती संपली म्हणायची.

अनघा_क
प्रभाकरकाका, माझ्या वहिनीने सासूबाईंसाठी शाळेची नोकरी सोडली. सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला होत्या. नाती छान टिकली, वहिनीचा भविष्यनिर्वाह निधी मात्र तिथेच थांबला. आज तिच्या म्हातारपणाची तरतूद काय, असं घरात कोणी विचारत नाही. तिला महिन्याला काही रक्कम मिळाली असती तर सासूबाईंवरची माया कमी झाली असती असं तुम्हाला खरंच वाटतं?

प्रभाकर_सहकारनगर
तुमच्या वहिनींबद्दल आदर आहे. माझी भीती वेगळी आहे. पैशासाठी म्हाताऱ्यांना घरात डांबून ठेवतील, पेन्शनसाठी ठेवतात तसे. तपासणार कोण?

बे_एरियातली_स्नेहल
काका, तो धोका इकडेही आहे, म्हणूनच समाजसेविका पुन्हा पुन्हा घरी येऊन बघते. तपासणीवरही पैसा खर्च करावा लागतो.

गणेश_मेलबर्न
ऑस्ट्रेलियात १ नोव्हेंबर २०२५ पासून नवा वृद्धसेवा कायदा लागू झाला आणि जुन्या 'होम केअर पॅकेज'ऐवजी 'सपोर्ट ॲट होम' आलं. इथे संस्थेला एज्ड केअर क्वालिटी अँड सेफ्टी कमिशनकडे नोंदणी करावी लागते. कुठल्या प्रकारची सेवा देणार त्याप्रमाणे वर्ग ठरतो आणि वर्गाप्रमाणे अटी. झाडलोट करणाऱ्याला हलक्या अटी, शुश्रूषा करणाऱ्याला कडक. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, आचारसंहिता, तक्रार आली तर चौकशी. मला पटलेली गोष्ट ही की पैसा त्या वृद्धाच्या नावावर ठरतो आणि संस्था तो निवडतो. आपल्याकडे अनुदान संस्थेला मिळतं, त्यामुळे आजींना नको असलेली संस्था बदलता येत नाही.

सावरकर_जपान
जपानची थोडक्यात भर. इथे एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येक जण हप्ता भरतो. घरी येणाऱ्या मदतनिसाचा साधारण दहा टक्के खर्च घरचे देतात, उत्पन्न जास्त असेल तर अधिक.

कविता_वडगाव
सगळे संस्थेबद्दल बोलताहेत, मी काम करणारीच्या बाजूने लिहिते. मी स्वतः पेशंटकडे जाते. दिवसपाळी आठ ते आठ, कधी चोवीस तास. ब्युरोमार्फत, म्हणजे घरोघरी बायका पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत जाते. घरचे ब्युरोला जे देतात आणि माझ्या हातात जे येतं त्यात फार फरक आहे. शिकवणं काही नाही. पहिल्याच दिवशी राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी आहाराची नळी) असलेल्या आजोबांकडे पाठवलं. घरच्या ताई समंजस होत्या, त्यांनी दाखवलं. नळीतून पाणी फुप्फुसात गेलं तर माणूस जातो हे मला नंतर कळलं. एवढी जोखमीची गोष्ट न शिकवता करायला लावतात.

दुसरी गोष्ट सांगायला अवघड आहे पण सांगते. रात्रपाळीला आजोबांचे चिरंजीव दारू पिऊन खोलीत यायचे. ब्युरोला सांगितलं तर म्हणाले घर बदलून देतो, विषय वाढवू नको. घर बदललं. त्या घरात दुसरी बाई गेली असणार.

मीराताई, तुम्ही सरकारकडे पात्र व्हा, जरूर व्हा. पण आम्हाला पगारी सुट्टी, शिकवणं आणि रात्री फोन उचलणारं माणूस द्या. ते असेल तर मी ब्युरो सोडून तुमच्याकडे येते.

मीरा_धनकवडी
कविता, तुझं वाचून वाईट वाटलं आणि संताप आला. वैयक्तिक संदेश पाठवला आहे.

वकील_शनिवारपेठ
कविताताई, २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही येतं. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. मीराताई, तुमच्याकडे दहा कर्मचारी झाले की अंतर्गत समिती बंधनकारक आहे. दहा होण्याची वाट बघू नका.

घरपोच सेवेच्या कायद्याबद्दलही सांगतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. त्यात डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची आणि किमान दर्जाची तरतूद होती. ते संमत झालं नाही, लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक गेलं. ते झालं असतं तर मीराताईंच्या प्रश्नाला आज सरळ उत्तर असतं, आणि न शिकवता बायकांना नळीच्या पेशंटकडे धाडणाऱ्यांना जाबही विचारता आला असता.

स्पष्ट_नारायणपेठ
कविताताईंचं वाचल्यावर माझं मत थोडं बदललं. नोंदणी हवीच. अनुदानाबद्दल मात्र अजून ठाम आहे.

डॉ_पौड
मी ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी आहे. सरकारची घरपोच सेवा अजिबातच नाही असं नाही. २०१०-११ पासून ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग आणि दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला ज्येष्ठांचा दवाखाना, आणि अंथरुणावरच्या रुग्णांकडे आरोग्यसेविकेने घरी जाणं अपेक्षित आहे. आमची एएनएम जाते. पण लसीकरण, बाळंतिणी, क्षयरोग, सर्वेक्षण हे सगळं सांभाळून ती महिन्यातून एकदा पोचली तरी खूप. बेडसोरची काळजी मात्र रोज घ्यावी लागते.

म्हणून माझी सूचना : मीराताईंनी महापालिकेच्या जवळच्या दवाखान्याशी आणि आशांशी जोडून घ्यावं. आशांना कुठल्या घरात कोण पडून आहे हे नेमकं माहीत असतं. केरळात अशाच जोडणीतून काम उभं राहिलं. तिथे २००८ मध्ये राज्याचं परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं) धोरण आलं, पंचायतींनी घरी जाणाऱ्या परिचारिका नेमल्या आणि गावातले स्वयंसेवक त्यांच्याबरोबर फिरतात. अंथरुणावरच्या माणसाची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्याला तिथे 'आश्वासकिरणम्'मधून महिना ६०० रुपये देतात. रक्कम लहान आहे, पण सरकारने काळजी घेणाऱ्या माणसाची दखल घेतली.

पुण्यात शिकायचं तर वारज्याचं सिप्ला परिहार सेवा केंद्र आहे. १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांचं काम करतात, त्यांची पथकं घरीही जातात. तुमच्या चारही बायकांना तिथलं काम दाखवून आणा.

अनघा_क
६०० रुपयांवरून आठवलं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या कितीतरी आजी-आजोबांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं, पण घरच्यांच्या ते डोक्यातच येत नाही. 'आता वय झालं' म्हणून सोडून देतात.

बिबवेवाडीकर
सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं ना? त्यातून नाही का होणार?

डॉ_पौड
ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता मिळतं, बरोबर. पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. घरी सोडल्यानंतर फार तर पंधरा दिवसांचा खर्च धरतात. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन त्यात होतं. नंतर सहा महिने आजींना संडासला कोण नेणार, त्याचं कार्ड नाही.

रम्या_आंबेगाव
गंभीर चर्चेत थोडा विसावा. आमच्या आजोबांकडे मावशी येतात. एक ते चार आजोबा झोपतात आणि मावशींनाही सक्तीने झोपायला लावतात, 'पुण्यात राहायचं तर नियम पाळा' म्हणून. चारला उठून दोघं रमी खेळतात. मावशी जिंकल्या की आजोबा रात्री जेवत नाहीत, म्हणून आजीने मावशींना बजावलंय की शेवटचा डाव सोडायचा.

सावरकर_जपान
मावशींच्या प्रशिक्षणात रमीचा तास हवाच!

कविता_वडगाव
खरं सांगू, असं घर मिळालं की बारा तास कसे जातात कळत नाही. माझ्या एका आजी मला रोज पेपर मोठ्याने वाचायला लावायच्या. माझं वाचन त्यांच्यामुळे सुधारलं.

निवृत्त_लेखनिक
प्रशिक्षणाबद्दल राहिलंच होतं. काळजीवाहकांना शिकवणं हाही अटल वयो अभ्युदयचा भाग आहे आणि केंद्राची राष्ट्रीय समाज संरक्षण संस्था त्या कामात आहे. शिवाय आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचे 'होम हेल्थ एड' आणि 'जनरल ड्यूटी असिस्टंट' हे अभ्यासक्रम आहेत. अर्जाला प्रमाणपत्र जोडलं की 'मीच शिकवून तयार केल्या' यापेक्षा ते जास्त ग्राह्य धरलं जातं. ताई, तुमच्या शिकवण्याबद्दल शंका नाही, पण फाइल कागद ओळखते.

हिशोबनीस
अनुदानाला पर्यायही धरून ठेवा, नारायणपेठकरांचा मुद्दा अगदीच सोडण्यासारखा नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ज्येष्ठांसाठीच्या सुविधा येतात, म्हणजे कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी या कामाला चालतो. त्यासाठी १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ ची नोंदणी लागते. कामाचा अनुभव किमान तीन वर्षांचा बघतात, म्हणून आजच्या कामाच्या नोंदी आजपासूनच ठेवा.

कंपनी काढून व्यवसाय म्हणून करणार असाल तर जून २०२१ मध्ये केंद्राने 'सेज' उपक्रम आणला होता. त्यात ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या नवउद्योगांत सरकार भागभांडवल घालतं, ४९ टक्क्यांच्या आत. पण तो नफ्याचा मार्ग आहे. श्रावणबाळवाल्या आजी त्यात बसत नाहीत, म्हणून मी तुम्हाला सुचवणार नाही.

मीरा_धनकवडी
सगळ्यांचे मनापासून आभार. आज घरी आम्ही पाचजणी बसलो आणि हा धागा मोठ्याने वाचला. ठरलंय ते असं : संस्था काढायची, आणि विश्वस्तांमध्ये काम करणाऱ्या दोघी असायच्या. बायकांची दर महिन्याला एक शिकवणी. चोवीस तासांची पाळी घ्यायची नाही. दोन पाळ्या करू, त्यापायी घरं कमी घेतली तरी चालतील. आजींकडे जाणं चालूच राहील, अनुदान येवो न येवो.

पण एक प्रश्न उरतो. नुसत्या घरपोच सेवेला घटक नाही म्हणता, मग घटनेत उद्देश लिहायचा काय? फिरतं पथक लिहिलं आणि उद्या राज्याने घरपोच सेवेची योजना आणली तर आम्ही बाहेर पडायचो का?

हिशोबनीस
उद्देश रुंद लिहा. विश्वस्त कायद्याच्या नवव्या कलमात दारिद्र्य किंवा संकटाचं निवारण आणि वैद्यकीय मदत हे धर्मादाय हेतू आहेतच. त्या शब्दांत सुरुवात करा आणि खाली 'घरी, वस्तीत वा संस्थेत ज्येष्ठ, आजारी व दिव्यांग व्यक्तींची शुश्रूषा, त्यांची काळजी घेणाऱ्यांचं प्रशिक्षण' हे स्पष्ट घाला. फिरतं पथक त्यात आपोआप येतं. विश्वस्त बदलले किंवा पत्ता बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. तो न दिलेल्या संस्था ऐन अर्जाच्या वेळी अडकतात.

काम करणाऱ्या बाई विश्वस्त होणार आणि पगारही घेणार, ही कल्पना मला आवडली. मात्र तसं घटनेत आधीच लिहा आणि पगार बाजारभावाने ठेवा, नाहीतर आयकरवाले हरकत घेतील. मसुदा झाला की पाठवा, मी बघून देतो. फी नको.

वकील_शनिवारपेठ
घटनेचा मसुदा माझ्याकडेही पाठवा. घरच्यांशी करायच्या करारनाम्याचा नमुना मी करतो : कामाचे तास, कामाची यादी, रात्रपाळीला वेगळी जागा, तक्रार कुठे.

स्पष्ट_नारायणपेठ
माझं घर आहे नारायण पेठेत, खालची खोली रिकामी आहे. संस्थेच्या पत्त्यासाठी चालेल का? भाडं नको.

हिशोबनीस
चालेल, ना हरकत पत्र आणि वीजबिल लागेल. पण काम धनकवडीत आहे, शक्यतो पत्ता तिथलाच घ्या, पाहणीला सोपं पडतं. खोली बायकांच्या शिकवणीला द्या.

निवृत्त_लेखनिक
मीराताई, आणखी एक, आणि हे आजच सुरू करा. पाहणीला येणारा अधिकारी पहिल्यांदा लाभार्थ्यांचं रजिस्टर मागतो. प्रत्येक घराचं पान करा : नाव, वय, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला किंवा श्रावणबाळचं मंजुरीपत्र, घरच्यांची संमती. पुढे भेटीची तारीख, काय केलं, कोणी केलं, आणि आजींची सही किंवा अंगठा. बायकांची पोलीस चारित्र्य पडताळणीही करून घ्या, ऑनलाइन होते. आजींना उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला जाणं जमणार नसेल तर सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. मी पर्वतीला राहतो, पहिल्या दोन-तीन घरांची पानं तुमच्याबरोबर बसून भरून देतो. येत्या शनिवारी सकाळी कुठे येऊ ते कळवा.